कंबर न वाकवता स्की: बाइंडिंगच्या नोंदी

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार

पोट्टी, म्हणजे आमची लेक, काल रात्रीच्या विमानाने परत गेली आणि घर एकदम सुनं वाटून राहिलं, डायनिंग टेबल मात्र भरलेलं आहे. दोन जोड बूट, तीन तऱ्हेची बाइंडिंग, एक गंजलेला लोखंडी नमुना आणि तुटलेल्या स्कीचा करवतीने कापून आणलेला मधला दोन फुटी तुकडा. हे सगळं तिने बॅगेत कोंबून आणलं आणि जाताना तेवढीच जागा चिवडा-चकलीने भरून नेली.

प्रकल्प असा की मार्चमध्ये आम्ही दोघं ओस्लोला जाणार आणि ती आम्हाला क्लासिक क्रॉस-कंट्री स्कीवर उभं करणार म्हणते. सिनेमात डोंगरावरून सुसाट खाली येतात ते नव्हे. हे जंगलातल्या वाटेवर, मशीनने बर्फात दोन समांतर खाचा पाडून ठेवलेल्या असतात त्यात एकेक स्की ठेवायची आणि चालल्यासारखं घसरत जायचं. ओस्लोच्या उत्तरेला नोर्डमार्का नावाचं जंगल आहे, शहरातल्या मेट्रोने सोन्सवान तळ्याशी उतरलं की तिथूनच सुरू, म्हणजे आपण नागपुरात सीताबर्डीला मेट्रोत बसावं आणि सुभाषनगरला उतरून अंबाझरीकडे चालू लागावं तसंच.

अडचण आमच्या मंडळींच्या हातात आहे, अक्षरशः. हिच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजलाय, बरणीचं झाकण मीच उघडून देतो, आणि कमरेचं दुखणं वेगळं, सकाळी बुटाची नाडी बांधायला हिला स्टूल लागतं. म्हणजे वाकायचं नाही आणि चिमटीत काही धरायचं नाही. स्कीला बूट जिथं अडकतो त्या वस्तूला बाइंडिंग म्हणतात आणि ती वस्तू हिला एकटीला, उभ्याने, हातमोजे घालून लावता-काढता आली पाहिजे, एवढीच अट. पोट्टी म्हणाली भाड्याच्या स्की मिळतात पण त्यावर जे बाइंडिंग असेल ते गपगुमान वापरावं लागतं, त्यापेक्षा सेकंडहँड विकत घेऊ, तुम्ही आधी घरी ट्राय करून सांगा कोणतं. मी एमआयडीसीत एकोणतीस वर्षं मेंटेनन्स करून राहिलो, असं काम कोणी दिलं की मला रात्री झोप येत नाही.

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

आज सामानाची ओळख. क्रॉस-कंट्रीच्या बाइंडिंगमध्ये फक्त बुटाचं टोक अडकतं, टाच मोकळी. पाऊल उचललं की टाच वर येते, टोकाशी बिजागरीसारखं फिरतं. दुसरी गोष्ट मला माहीत नव्हती, उतारावरच्या स्कीचं बाइंडिंग पडल्यावर आपोआप सुटतं तसं हे सुटत नाही, पडलात तर स्की पायालाच. म्हणून घालण्यापेक्षा काढण्याची सोय मला जास्त महत्त्वाची वाटते. आडवी पडलेली बाई बर्फात उठेल कशी, आधी स्की काढूनच ना.

गंजका नमुना पोट्टीच्या घरमालकाच्या तळघरातला. पुढे तीन खिळे वर तोंड करून उभे, बुटाच्या तळव्याला पुढे चोच आणि त्यात तीन भोकं, भोकं खिळ्यांवर बसवायची आणि वरून एक वाकडी तार दाबून खाचेत अडकवायची. चोचीची रुंदी ७५ मिलिमीटर, तेच त्याचं नाव पडलं. डावं-उजवं वेगळं असतं, मी अर्धा तास उलटंच धरून बघत होतो. नॉर्वेच्या ब्रूर विथ नावाच्या माणसाने १९२७ मध्ये हे काढलं आणि त्याच्या कंपनीचं नाव रोटेफेला, म्हणजे उंदराचा सापळा. ही चहा घेऊन आली, टेबलाकडे पाहिलं आणि मी काही सांगायच्या आधीच म्हणाली, "अहो, हा उंदराचा सापळा जेवायच्या टेबलावर काहून ठेवला?" म्हटलं घ्या, नॉर्वेजियन भाषा येते की तुम्हाला.

आता जे चालतं ते एनएनएन, १९८० च्या दशकात आलेलं. बुटाच्या टोकाला आडवी स्टीलची दांडी, ती बाइंडिंगच्या जबड्यात अडकते. जबड्याच्या मागे पट्टीवर दोन उभ्या कडा असतात आणि बुटाच्या तळव्याला दोन खाचा, त्या एकमेकांत बसल्या की बूट डावीकडे-उजवीकडे डुलत नाही. याच काळातला सालोमन कंपनीचा एसएनएस प्रकार वेगळा, त्याच्या तळव्याला मध्ये एकच रुंद खाच.

हे इतकं सविस्तर लिहायचं कारण पोट्टीची झालेली फसवणूक. तिने हिच्यासाठी पहिला जोड एका विकणाऱ्याकडून घेतला, तो म्हणाला सगळ्या बाइंडिंगला चालतो, दांडी आहे ना पुढे, झालं. तो निघाला एसएनएसचा. दांडी जबड्यापर्यंत नेता येते त्यामुळे लांबून वाटतं बसेल, पण तळवा कडांवर चढून बसतो, कितीही दाबा. पैसे काही परत आले नाहीत. तेव्हा बूट उलटा करून खाचा मोजायच्या, एक की दोन, दुसरं काही विचारायची गरजच नाही. सालोमननेही पुढे २०१६ च्या सुमारास प्रोलिंक काढलं, ते एनएनएनच्या बुटाशी जुळतं, त्यामुळे नवीन माल असेल तर भानगड कमी, जुन्यात मात्र बघूनच.

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

फळीवर बसवणी. सागवानाची जुनी खिडकीची फळी होती, तिच्यावर दोन बाइंडिंग शेजारी शेजारी. एक मॅन्युअल, पुढचं झाकणासारखं लिव्हर हाताने उचलायचं, दांडी टाकायची, लिव्हर दाबून बंद. दुसरं ऑटो, दांडी जबड्यावर ठेवून खाली दाबली की आपोआप कट् असा आवाज होऊन अडकते, सोडवायला पुढच्या बटनावर काठीचं टोक दाबायचं.

भोकांचा कागदी नमुना छापून घ्यावा लागतो. छापताना प्रिंटरने पान आपल्या मनाने ९६ टक्के केलं, कागदावरची मापाची रेघ पट्टीने मोजली म्हणून कळलं, नाहीतर तीनही भोकं चुकली असती. खऱ्या स्कीला ३.६ मिलिमीटरचं ड्रिल आणि साधारण ९ मिलिमीटर खोली, त्यापुढे गेलात तर खालून बाहेर. मी सवय म्हणून फळीलाही ड्रिलला चिकटपट्टी गुंडाळून खूण केली.

स्क्रूने मात्र खाल्लं. डोकं बघून मी स्टार समजलो आणि स्टार लावला, दुसऱ्याच स्क्रूचं डोकं घासलं गेलं. नीट बघितलं तर चौकडीच्या मधे आणखी चार बारीक रेघा आहेत, म्हणजे पोझिड्राइव्ह, तीन नंबर. एकोणतीस वर्षं, आणि चष्मा न लावता स्क्रू बघतो. टूलरूममध्ये दोन नंबरच होता, तीन नंबरचा बिट इतवारीत तिसऱ्या दुकानात मिळाला.

तिसरं बाइंडिंग फळीवर बसत नाही, त्याला स्कीवर आधीच चिकटवलेली प्लेट लागते, म्हणून तर तो तुटका तुकडा आणलाय. या प्लेटच्या पद्धतीला एनआयएस म्हणतात, २००५ ची, स्क्रू नाही काही नाही, सरकवायचं, कुलूप लागतं. सरकवलं आणि खाडकन बसलं. ड्रिल, बिट, चिकटपट्टी, सगळं केलेलं एकदम मूर्खपणाचं वाटलं.

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

कोरडी ट्रायल, हॉलमध्ये. ही बूट घालून, सोफ्याच्या पाठीला एक हात, मी वही घेऊन.

मॅन्युअल: लिव्हर उचलायला वाकली आणि वाकल्याबरोबर "आई गं". अंगठा आणि बोट लावून उचलावंच लागतं. काठीचं टोक लिव्हरखाली घालून बघितलं, मला जमलं, हिला नाही, टोक निसटतं. इथेच मॅन्युअल बाद असं लिहायला हरकत नव्हती पण थांबलो, कारण मॅन्युअलची एक गोष्ट मला फार आवडली, बंद आहे की उघडं हे उभ्याने डोळ्यांनी दिसतं. ऑटोत कट् ऐकू आला तर आला.

ऑटो: घालणं सहज. टाच वर, टोक खाली, दांडी जबड्यावर, आणि वजन टाकायचं. हिचं पहिलं तीनदा चुकलं कारण ही चप्पल घालतात तसं पाय पुढे सरकवत होती. पुढे नाही, खाली. ते कळल्यावर दहापैकी नऊ वेळा लागलं. सोडवताना मात्र पडद्याची जी नळी मी काठी म्हणून दिली ती तीन फुटांची, तिने बटन दाबायला पुन्हा वाकावंच लागलं आणि बटन कडक. म्हणजे घालायला सोपं, काढायला नाही. आणि एकदा कट् आवाज आला असं वाटलं, हिने पाय उचलला, फळी अर्धी उचलली आणि धाडकन टाइल्सवर. टाइल फुटली नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, त्यांना वाटलं सिलिंडर पडलं.

तेव्हापासून नियम, घातल्यावर टाच जमिनीवरून उचलून टोक वर ओढून बघायचं, स्की सोबत आली पाहिजे.

२३ नोव्हेंबर २०२५, रविवार

सकाळी पोहे खाऊन खराद्याकडे. तर्री जरा जास्तच झाली, असो. त्याच्याकडून ॲल्युमिनियमच्या नळीला स्टीलचं टोक खरादून घेतलं. क्लासिकची काठी किती उंच याचं स्पर्धेतलं माप उंचीच्या जास्तीत जास्त ८३ टक्के असं आहे, ही १५५ सेंटीमीटर, म्हणजे १२८ आणि वर थोडं. काठ्या पाच-पाच सेंटीमीटरच्या टप्प्यात मिळतात असं पोट्टीने सांगितलं, म्हणून १२५ ची केली.

खराद्याने विचारलं, "भाऊ, आपल्या इकडलं कोणी करते का हे?" सांगितलं करतात ना, आपल्या देशातून ऑलिम्पिकला गेलेत, ताशी लुंडुप २०१० ला व्हँकूवरला, नदीम इक्बाल २०१४ ला सोचीला, जगदीश सिंग २०१८ ला प्योंगचांगला. सोचीत तर पंधरा किलोमीटर हे क्लासिकचंच होतं. तो म्हणाला, "मंग वहिनी कोन्त्या वर्षी?" आणि नळीचे पैसे घेतले नाहीत.

घरी आल्यावर जे झालं ते या सगळ्या कामातलं खरं काम. १२५ ची काठी बटनावर सरळ उभी राहते. ही मूठ धरून दाबायला लागली, अंगठा दुखला, सोडून दिलं. मग वैतागून हिने काठीच्या वरच्या टोकावर दोन्ही तळहात एकावर एक ठेवले, पीठ मळताना परातीवर ठेवतो तसे, आणि अंगाचं वजन टाकलं. बटन गेलं खाली, बूट सुटला. अंगठ्याचा संबंधच नाही, कंबर सरळ. मी शिकवलेलं नाही, कुठे वाचलेलं नाही. पुन्हा करायला लावलं, पुन्हा झालं. तिसऱ्यांदा म्हणाली आता तुम्ही करा, मला भाजी टाकायची आहे.

फक्त काठीचं टोक बटनाच्या खळग्यात नीट बसलं पाहिजे. जुन्या ऑटोचा खळगा उथळ, टोक सटकतं, प्लेटवाल्या नव्याचा खोल आणि बटनही मोठं. नव्याचं तोंडही मोकळं आहे, दांडी थोडी तिरपी आली तरी आत वळते.

७ डिसेंबर २०२५, रविवार

बर्फाची ट्रायल. कोरड्यात सगळंच चांगलं वाटतं, बर्फ अडकल्यावर काय हे बघायचं होतं आणि नागपुरात बर्फ म्हणजे गोळा. आता डिसेंबरात गोळेवाला कुठून आणायचा. फुटाळ्याचा आमचा ओळखीचा गोळेवाला हिवाळ्यात शेंगदाणे आणि बोरं विकतो, त्याला म्हटलं मशीन दे एक दिवस, तो म्हणाला साहेब लग्न आहे का घरी. बर्फाच्या फॅक्टरीतून पाव लादी आणली आणि अंगणात हाताने चाक फिरवत भुगा पाडला. कॉलनीतली चार पोरं वाटी घेऊन उभी, कालाखट्टा नाही हे ऐकून निराश झाली.

भुगा बुटाच्या तळव्याला थापला, दांडीभोवती दाबला, जबड्यात भरला. मग दहा-दहा वेळा. हे मीच केलं.

ऑटो: दहापैकी तीन वेळा लागलं. दांडीखाली बर्फ दाबून घट्ट गोळी होते, दांडी पूर्ण खाली जातच नाही, कट् येत नाही. प्लेटवालं: पाच. मॅन्युअल: आठ, कारण झाकण उघडं असतं, बोटाने बर्फ काढता येतो.

वहीत लिहिलं: ऑटो बाद, प्लेटवालं कसंबसं, मॅन्युअल बरं पण हिला जमत नाही, सबब प्रकल्प अवघड. हिला सांगितलं तर काही बोलली नाही, नुसती फळी उचलून पलंगाखाली ठेवली.

१४ डिसेंबर २०२५, रविवार

पोट्टीशी व्हिडिओ कॉल. सगळे आकडे वाचून दाखवले. तिने विचारलं, "बाबा, फळी कुठे होती तेव्हा?" म्हटलं अंगणात. "ऊन होतं?" होतं. "टेंपरेचर?" आता काय सांगू, अठ्ठावीस.

तिने पुढे काही बोलायची गरज नव्हती. बाइंडिंग अठ्ठावीस डिग्रीला, त्यावर गोळ्याचा बर्फ टाकला, तो वितळला, दाबला, पुन्हा गोठला. मी बाइंडिंग तपासत नव्हतो, नागपूरचं ऊन तपासत होतो. एखाद्या ट्रेनीने असा रिपोर्ट दिला असता तर मी फाडला असता. तिकडे लोक स्की घरातून काढून आधी दहा-पंधरा मिनिटं बाहेरच ठेवतात म्हणे, स्की आणि बाइंडिंग बाहेरच्या हवेइतकं गार झालं की कोरडा बर्फ चिकटत नाही, झटकला की पडतो. गरम बाइंडिंगवर पडलेलाच चिकटतो.

२१ डिसेंबर २०२५, रविवार

फेरचाचणी. एका सहकाऱ्याच्या साळ्याचं आइस्क्रीमचं दुकान, हिवाळ्यात एक डीप फ्रीझर रिकामा. शनिवारी रात्री फळी, स्कीचा तुकडा, बूट आणि डबाभर भुगा सगळं आत, वजा अठरा. सकाळी सहाला गेलो, बाहेर अकरा-बारा डिग्री, शटर अर्धं खाली, मी बूट हातात घालून, कारण त्या बुटात पाय घालायची हिंमत नाही झाली.

गार भुगा हातात साखरेसारखा, दाबला तरी गोळा होत नाही. तळव्याला थापला, काठीवर दोनदा आपटला, निम्म्याहून जास्त गळून पडला. ऑटो नऊ, प्लेटवालं दहा, मॅन्युअल दहा.

मग मुद्दाम उलटं केलं. सगळं पाऊण तास बाहेर, थोडं ओलं होऊ दिलं, भुगा भरला आणि पुन्हा अर्धा तास फ्रीझरमध्ये. बाहेर काढल्यावर तिन्ही ठप्प. मॅन्युअलचं लिव्हरसुद्धा जागेवर गोठलेलं, ऑटोचं बटन दगड. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा मोह झाला, नाही केलं, प्लास्टिक गारठ्यात कसं तुटतं ते कारखान्यात पाहिलंय. काठीच्या मुठीने टकटक करत राहिलो, दोन मिनिटांनी सुटलं. म्हणजे मॅन्युअल बर्फात चालतं आणि ऑटो चालत नाही हे जे मी मागच्या वेळी ठोकून दिलं ते अर्धवट होतं. ओलं होऊन गोठलं की कोणीच चालत नाही, फरक एवढाच की मॅन्युअलमध्ये कुठे अडलंय ते दिसतं.

तरी मार्चची धास्ती आहेच. ओस्लोला तेव्हा बऱ्याचदा शून्याच्या आसपास असतं आणि शून्याचा बर्फ म्हणजे थेट आपला गोळा. म्हणून हिच्या काठीला दोऱ्याने एक जुना टूथब्रश बांधला, जबडा आणि दांडी झाडायला. पोट्टी हसली. मग म्हणाली बाबा, दोन आणा.

२५ डिसेंबर २०२५, गुरुवार

सुट्टी. एक आयडिया आली होती की मॅन्युअलच्या लिव्हरला नाडीचा फास बांधावा, उभ्याने काठीच्या टोकाने ओढला की उघडतं. करून बघितलं, मस्त उघडतं. पोट्टीने एका वाक्यात उडवलं, चालताना फास कशात अडकला आणि लिव्हर उघडलं तर? बरोबर आहे. नाडी काढली.

दुसऱ्या एकाने सुचवलं चाकाच्या रोलर स्की आणा, बाइंडिंग तेच लागतं, आणि मिहानचे रस्ते रिकामे असतात. क्लासिकच्या रोलर स्कीची चाकं मागे फिरत नाहीत म्हणून मागे रेटा देता येतो, हे मला आवडलं. पण ब्रेक नाहीत म्हटल्यावर हिने हात जोडले.

४ जानेवारी २०२६, रविवार

निवड करायची वेळ. दुकानात पोट्टीने टर्नामिक नावाचं बाइंडिंगही बघितलं, फिशर आणि रोसिन्योलवाल्यांचं, बूट एनएनएनचाच चालतो, पण तिने पाहिलेलं हाताने लिव्हर फिरवायचं होतं, म्हणजे पुन्हा वाकणं. त्याच घराण्यात दाबून लागणारेही येतात म्हणाली. तर हिच्यासाठी ठरलं, प्लेटवर बसणारं, पायाने दाबून लागणारं, मोठं बटन, खोल खळगा. खळग्याचा फोटो पाठवायला सांगितलंय, ब्रँड कोणताही असो.

प्लेटचा दुसरा फायदा मला आत्ता कळला. क्लासिक स्की मधोमध कमानीसारखी वर असते, वजन टाकलं की मधला भाग बर्फाला टेकतो आणि पकड मिळते, नाहीतर घसरते. हिच्या वजनाला स्की थोडी कडक निघाली तर पकड मिळणार नाही, मागे मागे घसरेल. अशा वेळी बाइंडिंग थोडं पुढे सरकवलं की पकड वाढते, मागे नेलं की घसरण वाढते. स्क्रूवाल्यात हे जमत नाही, भोकं पाडली ती पाडली. सेकंडहँड स्की अंदाजानेच घेणार, तेव्हा हे सरकवणं लागणारच.

माझ्यासाठी मी मॅन्युअल म्हणून बसलो होतो. दिसतं, भरवशाचं, मला वाकता येतं. ही म्हणाली, "आणि मी पडले, तुम्ही सोडवायला आले, तुम्हाला तुमचंच सवयीचं, माझं कसं सुटतं ते आठवायला पाहिजे ना बर्फात." दोघांना एकच घ्यायचं ठरलं. मला अजूनही मॅन्युअल आवडतं, हे नोंदवून ठेवतो.

१४ जानेवारी २०२६, बुधवार

संक्रांत. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी कोपऱ्यातली फळी बघून विचारलं आणि हिने सगळ्यांना करून दाखवलं, साडीवर, बूट घालून. दोन जणींनी करूनही बघितलं. एकीचा कट् लागला आणि पायातून निघेना, हिने काठी घेऊन तळहात ठेवून सोडवली. मी आतल्या खोलीत होतो, मला फक्त हसणं ऐकू येऊन राहिलं होतं.

रात्री पोट्टीने सांगितलं की नॉर्वेत ईस्टरच्या सुट्टीत स्कीवर जाताना लोक पिशवीत संत्री नेतात, उन्हात बर्फावर बसून सोलून खायची पद्धतच आहे. संत्री! मी म्हटलं मृग बहार फेब्रुवारी-मार्चलाच येतो, नेऊ का पेटी? तर विमानात फळं कशी नेणार म्हणे, आधी नियम बघा. म्हणजे संत्रानगरीचा माणूस तिथं जाऊन दुसऱ्या देशाची संत्री खाणार. शेवटी संत्रा बर्फीवर तडजोड झाली.

१८ जानेवारी २०२६, रविवार

पोट्टीने दोन जोड घेतले, फोटो आले, बूट उलटे करून काढलेले फोटोही, दोन-दोन खाचा मोजल्या. हिचा बूट अर्धा नंबर मोठा घेतलाय, जाड मोज्यासाठी. बटनाचा खळगा खोल आहे.

फळी आता स्वयंपाकघरात आहे. सरावासाठी म्हणून मी रोज सकाळी दहा वेळा असं लिहून फ्रिजला चिकटवलं होतं, तो कागद हिने काढून त्यावर किराण्याची यादी केली. पण आज वरणाचा कुकर लावला आणि ओट्यासमोर फळीवर उभी राहून घालणं-काढणं चाललं होतं, कट्, काठी, तळहात, सुटलं, पुन्हा कट्. तीन शिट्ट्या होईपर्यंत अकरा वेळा. मोजत मी होतो, हिचं लक्ष कुकरकडे.